सर्कल केलं तरी चौक तुंबतोच, नक्की कुठे चुकतं? (लांबलचक धागा, चहा घेऊन बसा)

डांबरगोळी:
मंडळी, मी रस्त्यांच्या डिझाइनमध्ये काम करतो, सरकारी नाही, कन्सल्टंटकडे. सध्या एका नगरपरिषदेच्या चौकाचं काम टेबलावर आहे, गाव सांगत नाही. मीटिंगला गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, सर्कल मोठ्ठं पाहिजे, मधे कारंजं, वर हायमास्ट." त्या चौकात गाडी कशी शिरणार, किती स्पीडने शिरणार, पायी माणूस कुठून पलीकडे जाणार, यावर एक अक्षर नाही. म्हणून म्हटलं इथे लिहावं, निदान शिव्या तरी अभ्यास करून घालाल.

माझं म्हणणं एका वाक्यात, मग भांडा. सर्कल चालतं की नाही हे मधल्या गोलाच्या आकारावर नाही, शिरायच्या तोंडावर ठरतं. तोंड सरळ ठेवलं तर कितीही मोठा गोल करा, अपघातही होतील आणि जामही होईल.

आता कारण. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकांना भिडू शकतील अशा ३२ जागा असतात, एका लेनच्या राउंडअबाउटमध्ये (म्हणजे आपलं सर्कलच) त्या ८ उरतात. पण खरा फायदा आकड्यातला नाही, अपघाताच्या जातीतला आहे. सिग्नल तोडून येणारा समोरच्याच्या दारात काटकोनात घुसतो, त्यात माणसं मरतात. गोलात सगळे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे झालीच तर तिरकी घासाघीस होते, ती पण कमी स्पीडला. मात्र हे तेव्हाच, जेव्हा गाडी शिरताना खरोखर हळू झालेली असेल. आणि गाडी बोर्ड वाचून हळू होत नाही, वळण लागलं की होते. शिरताना चाकाला जी वाट मिळते तिची त्रिज्या ३० मीटरच्या आसपास असली तर ड्रायव्हर आपोआप चाळीसच्या आत येतो, तीच शंभर मीटर झाली की पन्नासच्या वर सहज जातो. ब्रिटिश गाइडलाइनमध्ये म्हणूनच शिरायच्या वाटेची त्रिज्या १०० मीटरच्या वर जाऊ देत नाहीत.

आपल्याकडे काय होतं तर रस्ता थेट गोलाच्या कडेला चाटून जातो, म्हणजे डावीकडच्या बाइकवाल्याला हँडल वाकवायलाच लागत नाही, तो साठने येतो आणि साठनेच जातो.

मोठ्या गोलाचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस, आपल्याकडे रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था) १९७६ ची ६५ नंबरची जुनी शिफारस सगळी 'वीव्हिंग'वर उभी होती, म्हणजे गाड्या गोलात शेजारी शेजारी धावत एकमेकींत मिसळतील आणि सुटतील. त्यासाठी दोन तोंडांमध्ये लांबी लागते, ताशी ३० च्या डिझाइनला कमीत कमी ३० मीटर, ४० च्या डिझाइनला ४५. मग गोल मोठा होणारच. त्यातच लिहिलं होतं की सगळ्या बाजूंनी मिळून तासाला साधारण ३००० गाड्यांच्या वर गेलात तर हे चालणार नाही. ती ओळ कोणी वाचत नाही, मोठा गोल तेवढा लक्षात राहिला. २०१७ ला नवीन आवृत्ती आली, पण ऑफिसातल्या ड्रॉइंगवर सर्कलचं जुनं नाव अजून 'रोटरी'च आणि कॉपीपेस्ट पण जुन्याचंच.

उरलेलं प्रतिसादांत, हात दुखले.

भोचक_भवानी:
पहिली मीच. चहा घेतला, बिस्किटं पण घेतली. सगळं पटलं पण दादा, आपल्याकडे 'थांबून आधी गोलातल्याला जाऊ द्या' हे कोण करणारे? माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत जमलं नाही. तुमचं डिझाइन इंग्लंडात ठेवा, इथे हॉर्न हेच राइट ऑफ वे.

शिट्टीवाला:
नमस्कार. ट्रॅफिकला नोकरी केली, आता निवृत्त. भवानीताई म्हणतात त्यात तथ्य आहे पण पूर्ण नाही. सर्कल लॉक कसं होतं ते मी रोज बघितलंय. शिरणारा घुसतो, त्यामुळे गोलातला थांबतो. गोलातला थांबला की त्याच्या मागचा थांबतो, आणि त्या मागच्याच्या शेपटीने शेजारच्या रस्त्याची बाहेर पडायची वाट अडते. मग त्या वाटेने जाणारे गोलातच अडकतात आणि त्यांच्या शेपटीने पुढची वाट अडते. चारी बाजू एकमेकांची शेपटी धरून बसतात. आता कोणीही पुढे जाऊ शकत नाही, चूक कोणाची तेही सांगता येत नाही. अशा वेळी शिपायाने मधे उभं राहून हात करण्यात अर्थ नसतो. एक शिरायची बाजू पूर्ण बंद करायची, साठ सेकंद, आणि बाहेर पडणारी एक वाट रिकामी करून घ्यायची. ती सुटली की सगळं सुटतं. नव्या पोरांना हे सांगावं लागतं, ते बिचारे शिरणाऱ्यांनाच "चला चला" करत राहतात.

डांबरगोळी:
@शिट्टीवाला साहेब, दंडवत. हे तुम्ही चार ओळीत सांगितलंत ते जगाला कळायला साठ वर्षं लागली, खोटं नाही बोलत.

गोल चौक जुनेच आहेत. न्यूयॉर्कचं कोलंबस सर्कल १९०५ चं, पॅरिसला आर्क द त्रिओंफ या कमानीच्या भोवती १९०७ मध्ये एकाच दिशेने फिरायची पद्धत लागली. पण शिरणाऱ्याला प्राधान्य होतं किंवा धड नियमच नव्हता, त्यामुळे रहदारी वाढली तशी हीच शेपटीची भानगड सगळीकडे झाली. अमेरिकेने तर कंटाळून सर्कल बांधणंच जवळजवळ सोडून दिलं. मग १९६६ मध्ये ब्रिटनने नियम केला की गोलात फिरतोय तो आधी, शिरणाऱ्याने थांबायचं. तिथल्या सरकारी रस्ते प्रयोगशाळेत फ्रँक ब्लॅकमोर म्हणून इंजिनिअर होते, त्यांनी त्यापुढे जाऊन दाखवलं की हा नियम असेल तर गोल छोटा केला तरी उलट जास्त गाड्या जातात. मिनी राउंडअबाउट त्यांचंच. फ्रान्सने हा बदल ऐंशीच्या दशकात केला आणि आज तिथे गावोगाव राउंडअबाउट आहेत, फक्त आर्क द त्रिओंफला अजून शिरणाऱ्याला प्राधान्य आहे, तिथला गोंधळ बघायला लोक मुद्दाम वर चढतात.

@भवानी, नियम आपल्याकडेही आहे हो. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमावलीत गोलात असलेल्याला आधी जाऊ द्या असंच आहे. प्रश्न असा की रस्त्यावर तो नियम दिसतो का? शिरायच्या तोंडाला तुटक पट्टी नाही, उलट्या त्रिकोणाचा 'रस्ता द्या' बोर्ड नाही, असला तर झाडामागे. लोकांना कळणार कसं की इथे थांबायचंय. निदान पट्टी मारा, मग नवऱ्याला बोला.

विलायती_वांगं:
इंग्लंडातल्या स्विंडनहून लिहितोय, त्यामुळे बोलायचा अधिकार जन्मसिद्ध आहे असं समजा :) इथलं मॅजिक राउंडअबाउट १९७२ चं. पाच छोटे गोल, मधे सहावा. बाहेरच्या वर्तुळात गाड्या घड्याळाच्या दिशेने आणि आतल्या वर्तुळात उलट्या दिशेने. पुण्याहून आई आली होती तिने डोळेच मिटून घेतले. पण खरं सांगू का, आत शिरल्यावर डोकं लागतच नाही. प्रत्येक छोट्या गोलाशी एकच प्रश्न, उजवीकडून कोणी येतंय का? येत असेल तर थांब, नसेल तर जा. चौकाचा नकाशा बघितला की घाम फुटतो, गाडीत बसल्यावर एका वेळी एकच निर्णय. चांगल्या डिझाइनची खूण मला तरी हीच वाटते. आपल्याकडे सर्कलवर एका वेळी पाच गोष्टी बघाव्या लागतात, त्यातली एक गाय.

उसाचं_गुऱ्हाळ:
तुमचं छोटं सर्कल वगैरे ठीक आहे पण आमच्याकडं या की हंगामात. कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या, कडेनं वाढं लोंबतंय. तो छोट्या गोलात वळायचा कसा? ट्रॅक्टर वळतो, पहिली ट्रॉली थोडी आत येते, दुसरी अजून आत, आणि दुसरीचं आतलं चाक थेट तुमच्या कारंज्याच्या कठड्यावर. आमच्या इथं एका चौकात असंच सुशोभीकरण केलं, पहिल्याच हंगामात कठडा गेला, दुसऱ्या हंगामात सिंहाचं तोंड गेलं. आता नुसता सिंहाचा धड राहिलाय. आणि ट्रॉली उलटली तर दिवसभर रस्ता बंद, पोरं ऊस खात बसतात ते वेगळं.

भोचक_भवानी:
नुसता सिंहाचा धड. खुर्चीवरून पडले.

डांबरगोळी:
पाटील (आडनाव नसलं तरी हेच म्हणणार), तुम्ही नेमका दुखरा मुद्दा काढलात. छोटा गोल आणि मोठी गाडी हे भांडण सोडवायला एक सोपी वस्तू आहे, ट्रक एप्रन. मधल्या पक्क्या गोलाभोवती एक ते चार मीटर रुंदीचा पट्टा ठेवायचा, रस्त्यापेक्षा ५०-७५ मिलिमीटर उंच, कड उतरती, वर दगडी किंवा खरबरीत काँक्रीट, रंग डांबरापेक्षा वेगळा. कारवाल्याला त्यावरून जायचा कंटाळा येतो, गचके बसतात, म्हणून तो बाहेरून फिरतो आणि हळू होतो. बस, ट्रक, ट्रॉली यांचं मागचं चाक आरामात त्यावरून जातं. म्हणजे कारसाठी गोल मोठा, ट्रकसाठी छोटा, एकाच जागेत. सिंह त्याच्या आतल्या गोलात बसवा, सुखरूप राहील.

फक्त हा पट्टा केला की त्यावर कुंड्या ठेवायचा मोह आवरायला पाहिजे. माझ्या बघण्यातल्या एका ठिकाणी एप्रन बांधला आणि उद्घाटनाच्या आधी त्यावर स्टीलची रेलिंग लावली. का? तर "मोकळं दिसत होतं".

उलटण्याबद्दल. गोलातल्या रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा असतो, साधारण दोन टक्के. पाणी बाहेरच्या गटारात जातं, गोल लांबून नीट दिसतो आणि वळताना ड्रायव्हरला जरा बाहेर फेकल्यासारखं वाटतं म्हणून तो हळू राहतो. पण उंच माल भरलेली गाडी स्पीडने आली तर हाच उतार तिला उलटवायला मदत करतो. म्हणून पुन्हा तेच, तोंडाशीच हळू करा.

नलूमावशी:
तुमच्या सगळ्या गप्पा गाड्यांच्या चालल्यात. मी रोज बँकेत आणि भाजीला चालत जाते, गुडघे दुखतात. आमच्या चौकात आधी सिग्नल होता तेव्हा निदान लाल झाला की पलीकडे जाता यायचं. आता सर्कल झालं तर गाड्यांची रांग संपतच नाही. झेब्रा पट्टे काढलेत ते बरोब्बर गोलाच्या तोंडाशी, तिथे ड्रायव्हरचं सगळं लक्ष उजवीकडे, मी डावीकडून येते. कोणाला दिसणार मी?

डांबरगोळी:
मावशी, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि आपल्या सर्कलवर सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं.

झेब्रा तोंडाशी नको, थांबायच्या पट्टीपासून एक गाडीभर मागे पाहिजे, साधारण सहा मीटर. म्हणजे पुढची कार उजवीकडे बघत गॅप शोधत उभी असते आणि तुम्ही तिच्या मागून जाता, तुमच्याकडे येणारा दुसरा ड्रायव्हर फक्त तुमच्याकडे बघतो. दुसरं म्हणजे येणारी आणि जाणारी बाजू यांच्यामध्ये त्रिकोणी बेट पाहिजे, झेब्रापाशी निदान १.८ मीटर रुंद, काठी किंवा बाबागाडी घेऊन उभं राहता येईल असं. एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या बघायच्या, मधे श्वास घ्यायचा, मग दुसरी बाजू. ते बेट गाडीला वाकवायचं कामही करतं, एका दगडात दोन पक्षी. आपल्याकडे ते बेट असतं पण त्यावर डीपी, फ्लेक्स आणि वाढदिवसाचा दादा.

बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा धोका जास्त हे पण सांगतो. गोलातून सुटला की माणूस रेस देतो. म्हणून बाहेर पडायची वाट फार सरळसोट करायची नाही, आणि एक लेन असेल तर एकच ठेवायची. दोन लेनच्या ठिकाणी एक कार तुमच्यासाठी थांबते आणि तिच्या आडून दुसरी येते, त्या प्रकारात फार लोक सापडतात.

ज्यांना दिसत नाही त्यांना राउंडअबाउट सिग्नलपेक्षा खरोखर अवघड आहे. ते आवाजावरून गॅप ओळखतात आणि गोलातल्या गाड्यांचा आवाज कधी थांबतच नाही, कुठली गाडी बाहेर वळतेय आणि कुठली फिरत राहणार हे कानाला कळत नाही. दोन लेनच्या मोठ्या गोलावर झेब्राला उंचवटा किंवा बटणाचा सिग्नल द्यायलाच पाहिजे.

हूजियर_मराठी:
अमेरिकेत इंडियाना राज्यात कार्मेल नावाचं गाव आहे, मी तिथून जवळ राहतो. तिथे दीडशेहून जास्त राउंडअबाउट आहेत, सिग्नल काढून काढून केलेत. जिम ब्रेनार्ड म्हणून मेयर होते, १९९६ पासून २०२३ पर्यंत तेच, ते इंग्लंडात शिकायला असताना बघून आले आणि लोकांच्या नाकावर टिच्चून गोल बांधत सुटले. सुरुवातीला लोकांनी बोंबाबोंब केली होती म्हणतात. आता तिथले लोक दुसऱ्या गावात जाऊन सिग्नलला उभे राहिले की वैतागतात. अमेरिकेत २४ चौक सिग्नल किंवा स्टॉप बोर्डवरून राउंडअबाउटवर नेले त्यांचा अभ्यास झाला होता २०००-०१ च्या सुमारास, जखमी होण्याचे अपघात ७६ टक्के कमी, मरणाचे आणि कायमचं जायबंदी करणारे साधारण ९० टक्के कमी. एकूण अपघात मात्र ४० टक्क्यांच्या आसपासच घटले, म्हणजे बंपर घासणं चालूच राहतं, माणसं वाचतात.

भोचक_भवानी:
@हूजियर, अठ्ठावीस वर्षं एकच नगराध्यक्ष? इथे अडीच वर्षांत सर्कलला तीन नावं पडतात.

मांडवीकाठ:
पणजीतून. दिवजा सर्कलचा अनुभव सांगतो. शिरणाऱ्यांचा त्रास आहेच, पण आमच्याकडे टुरिस्ट मधेच थांबून गुगल मॅप बघतात, "थर्ड एक्झिट" म्हणजे नक्की कुठली हे मोजत. बोर्ड गोलात शिरल्यावर दिसतो. तो आधी पाहिजे ना? आत आल्यावर वाचून काय करणार, आणखी एक चक्कर मारणार.

डांबरगोळी:
अगदी. दिशेचा नकाशावाला बोर्ड शिरायच्या आधी, आणि प्रत्येक बाहेरच्या वाटेच्या तोंडावर छोटा गावाच्या नावाचा. नेदरलँड्सवाल्यांनी यावर कडी केली. डेल्फ्टच्या लांबर्टुस फोर्टाउन यांनी १९९६ मध्ये टर्बो राउंडअबाउट काढलं, त्यात लेन शिरायच्या आधीच निवडायची, आत लेनांमध्ये बुटका दुभाजक असतो, बदलताच येत नाही. त्यामुळे दोन लेनच्या गोलातली मुख्य भानगड, आतल्या लेनमधून अचानक बाहेर निघणारा, संपते. आपल्याकडे बाइकवाले त्या दुभाजकावरून उड्या मारतील, म्हणून मी जसंच्या तसं सुचवणार नाही, पण लेन आधी ठरवायची हा विचार घेण्यासारखा आहे.

शिट्टीवाला:
एक प्रश्न. सर्कल आणि सिग्नल दोन्ही एकत्र का ठेवतात? आमच्या काळी मला हे कधी पटलं नाही. लाल सुटला की वीस गाड्या एकदम गोलात, पुढचा सिग्नल लाल, गोल भरला.

डांबरगोळी:
साहेब, मोठ्या गोलात सिग्नल लावतात जगात, ब्रिटनमध्येही आहेत, पण तेव्हा सगळ्या तोंडांचं टायमिंग एकमेकांशी बांधलेलं असतं आणि आत गाड्या उभ्या राहायला जागा ठेवलेली असते. आपल्याकडे सर्कल काढायचं धाडस होत नाही (मधे कोणाचा तरी पुतळा असतो) आणि ते चालतही नाही, म्हणून वरून सिग्नल लावतात. ते ना धड सर्कल ना धड चौक. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये राज्यांना सांगितलंय की रस्त्यांवर, फूटपाथवर नवे पुतळे आणि बांधकामांना परवानगी देऊ नका. जुन्यांना हात लावायची गोष्ट इथे नको, धागा उडेल.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो, सर्कल सगळीकडे चालत नाही. एका बाजूने प्रचंड गर्दी आणि बाकी तीन बाजूंनी थोडी असं असेल तर त्या गर्दीच्या पुढच्या तोंडावर उभा असलेला माणूस म्हातारा होतो, त्याला गॅपच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात अशा ठिकाणी फक्त गर्दीच्या वेळी गर्दीच्या तोंडाला लाल दिवा लावतात, बाकी वेळ दिवा बंद. शिट्टीवाले साहेब एक बाजू साठ सेकंद बंद करायचे म्हणाले ना, तेच, फक्त मशीनने. पण एकूणच तासाला कितीतरी हजार गाड्या असतील तर सिग्नल किंवा पूल, उगाच गोलाचा हट्ट नको. नाशिकला द्वारका चौकाचं नाव काढलं तरी लोक कपाळाला हात लावतात, तिथे मी गोलाची वकिली करायला जाणार नाही.

क्षमता वाढवायची असेल तर कुठे हात घालायचा याचंही उत्तर जुनं आहे. ब्रिटनमध्ये किंबर यांनी १९८० मध्ये गोलांवर गाड्या मोजून सूत्र मांडलं, त्यात सगळ्यात जास्त फरक पडतो शिरायच्या तोंडाच्या रुंदीने आणि ते तोंड किती अंतरापासून रुंद होत येतं त्याने. मधल्या गोलाच्या आकाराचा वाटा त्या मानाने किरकोळ. म्हणजे कारंज्याचा पैसा तोंडाच्या रुंदीला घाला. अर्थात जास्त रुंद केलं की स्पीड वाढतो, पायी माणसाचं अंतर वाढतं, मावशी रागावतात. तो तोल साधणं हीच तर नोकरी.

नलूमावशी:
मावशी रागावणारच. आणि तो हायमास्ट? आमच्या चौकात मधे भलामोठा आहे पण झेब्रावर अंधार.

डांबरगोळी:
कारण मधला दिवा गोल उजळतो. तुम्ही झेब्रावर असता तेव्हा उजेड तुमच्या पाठीमागून येतो, ड्रायव्हरला फक्त काळी सावली दिसते. दिवे बाहेरच्या कडेने पाहिजेत, झेब्राच्या थोडे अलीकडे, म्हणजे गाडी येते त्या बाजूला, म्हणजे तुमचा चेहरा, साडी, पिशवी दिसेल. हायमास्ट लांबून दिसतो आणि त्यावर नाव लिहिता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

झाडांचं उलटं आहे. लोकांना वाटतं मधे काही नको, आरपार दिसलं पाहिजे. आरपार दिसलं की ड्रायव्हरला वाटतं रस्ता सरळच आहे. मधे मातीचा उंचवटा, झुडपं चालतात, मदतच करतात, फक्त कडेचे दोनेक मीटर बुटकं गवत ठेवायचं म्हणजे वळताना पुढचं दिसतं. बाकडी, बाग, खेळणी मात्र मधे अजिबात नाही. मुंबईत किंग्ज सर्कलला मधे उद्यानच आहे, तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला गाड्यांचा प्रवाह ओलांडावा लागतो. आणि बाहेर पडायच्या वाटेवरचा रिक्षा स्टँड आणि वडापावची गाडी. एक रिक्षा तिथे थांबली की तुमची शेपटीची गोष्ट सुरू.

उसाचं_गुऱ्हाळ:
बरं मग आमच्या चौकाचं बोला. कठड्यापासून कठड्यापर्यंत मोकळी जागा २६ मीटर आहे, मी टेपनं मोजली. रस्ते नऊ नऊ मीटरचे. एसटी जाते. सर्कल बसतंय का नाही?

डांबरगोळी:
बसतं, पण छोटं. बाहेरची त्रिज्या १३ मीटर. कडेने अर्धा मीटर सोडा, राहिले साडेबारा. बारा मीटरची बस साडेबारा मीटरच्या वर्तुळात फिरवली तर तिचं आतलं मागचं अंग साधारण ५.३ मीटर त्रिज्येवरून जातं, युरोपात मोठ्या गाड्यांना पासिंगसाठी हीच अट आहे. म्हणजे बस ७.२ मीटरचा पट्टा खाते. म्हणून पक्का गोल पाच मीटर त्रिज्येपेक्षा मोठा करायचा नाही, दहा मीटर व्यास. त्याच्याबाहेर अडीच मीटर एप्रन. कारला उरला साडेपाच मीटरचा रस्ता, एकाच लेनचा. चारही तोंडांना बेट, आणि शिरायची वाट थेट गोलाच्या मध्याकडे रोखलेली, म्हणजे हँडल वाकवल्याशिवाय जाताच येणार नाही.

ट्रॉल्यांचं मी इथून बसून सांगणार नाही. हुकची लांबी, ट्रॉलीची लांबी प्रत्येकाची वेगळी, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन ट्रेलर आहेत, तुमची ट्रॉली नाही. तुम्ही असं करा, कारखान्याच्या मोकळ्या यार्डात फक्की मारून तीन वर्तुळं काढा, १३, ७.५ आणि ५ मीटरची, आणि दोन भरलेल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर फिरवा. मागच्या ट्रॉलीचं आतलं चाक पाचच्या आत गेलं तर पक्का गोल अजून लहान, किंवा सगळाच चढता येईल असा घुमट.

ते जमलं की चौकात लगेच सिमेंट नको. पाणी भरलेले प्लास्टिकचे बॅरिअर, वाळूच्या गोण्या आणि पांढरा रंग, एवढ्यावर महिनाभर चालवून बघा. गोण्या जिथे जिथे फुटतील तिथे तुमची चूक आहे, सरकवा. सांगायला लाज वाटते, पण आमच्या कॉम्प्युटरपेक्षा फुटलेली गोणी जास्त खरं सांगते.

उसाचं_गुऱ्हाळ:
ट्रॅक्टर आहे, यार्डवाला आमच्या भावकीतलाच. पण भरलेल्या ट्रॉल्या नोव्हेंबरशिवाय मिळणार न्हाईत. तोवर रिकाम्या फिरवून चालतील का?

डांबरगोळी:
वाट बघायला रिकाम्या चालतात, चाक साधारण तिथूनच जातं. उलटण्याचा अंदाज मात्र भरलेल्यानेच येईल. फिरवताना वरून व्हिडिओ काढा, गच्चीवरून, आणि हुकपासून हुकपर्यंतची मापं टाका इथे. मी काढून देतो ड्रॉइंग, पैसे नकोत, काकवी पाठवा.

भोचक_भवानी:
मला पण काकवी. आणि सिंहाचा फोटो.